हाडाला फॉस्फेट कळतं कसं?

मध्यलय

कॅल्शियमवर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय, पण त्याच्या जोडीदाराकडे, फॉस्फेटकडे, सहसा कुणी वळत नाही. हाडाचं खनिज तर दोघांचं मिळून बनतं. त्या खनिजाच्या, म्हणजे हायड्रॉक्सीअॅपेटाइटच्या, सूत्रात कॅल्शियमचे १० अणू असतात आणि फॉस्फेटचे ६ गट. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. पेशींच्या बाहेर, रक्तात वगैरे, जेमतेम १ टक्का. आपण तपासून घेतो ते या १ टक्क्यातलं.

माझं काम हाडांच्या पेशींवर चालतं आणि त्यातला एक प्रश्न मला सगळ्यात जास्त ओढून घेतो. रक्तातलं फॉस्फेट वाढलंय की घटलंय, हे हाडातल्या पेशीला कळतं कसं? कॅल्शियमच्या बाबतीत याचं उत्तर १९९३ मध्ये मिळालं. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर असतो आणि कॅल्शियम जरा घसरलं की ग्रंथी लगेच पीटीएच हे हॉर्मोन सोडते. फॉस्फेटसाठी इतकं सरळ उत्तर आजही नाही. तुकडे मात्र बरेच हाती आलेत, आणि ते जुळवताना हाडाबद्दलची आपली समजूतच पालटते, म्हणून हा धागा.

आधी पेशींची ओळख. हाड बांधतात त्या ऑस्टिओब्लास्ट, विरघळवतात त्या ऑस्टिओक्लास्ट. बांधता बांधता काही ऑस्टिओब्लास्ट आपल्याच बांधकामात गाडल्या जातात, चहूबाजूंनी खनिज जमतं आणि त्यांच्या ऑस्टिओसाइट होतात. प्रौढ हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी याच, एका सांगाड्यात अंदाजे ४२ अब्ज. चांदीच्या क्षाराने रंगवलेला हाडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघा: पिवळसर पार्श्वभूमीवर लांबट काळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेले केसांहून कितीतरी बारीक तंतू, शेजारच्या ठिपक्यापर्यंत पोचलेले. एकही पेशी एकटी नसते. हे तंतू ज्या नलिकांमधून जातात त्यांतून द्रव सतत झिरपत असतो, आणि रक्तातल्या गोष्टींचा सुगावा पेशीला त्यातूनच लागतो.

या ऑस्टिओसाइट एफजीएफ२३ नावाचं हॉर्मोन रक्तात सोडतात. ते मूत्रपिंडात जाऊन दोन कामं करतं. गाळलेलं फॉस्फेट परत ओढून घेणारे वाहक, एनपीटी२ए आणि एनपीटी२सी, पेशीच्या पृष्ठभागावरून कमी करतं, त्यामुळे फॉस्फेट लघवीवाटे जातं. शिवाय ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनणं रोखतं, म्हणजे आतड्यातून येणारं फॉस्फेटही घटतं. मूत्रपिंडाच्या पेशीवर क्लोथो हे प्रथिन नसेल तर एफजीएफ२३ तिथे नीट चिकटत नाही. क्लोथो सापडलं १९९७ मध्ये, अकाली म्हातारपण येणाऱ्या उंदरांत. फॉस्फेटशी त्याचं नातं पुढे उलगडलं.

याचा माग लागायला फार वर्षं गेली. १९५९ मध्ये प्राडर आणि सहकाऱ्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची हकीगत प्रसिद्ध केली. मुडदूस झालेला, रक्तात फॉस्फेट अगदी कमी, आणि बरगडीत एक गाठ. गाठ काढली आणि मुडदूस बरा झाला. गाठच कसला तरी पदार्थ सोडत असणार, असा त्यांचा तर्क होता. १९८९ मध्ये जन्मतः फॉस्फेट गमावणारा उंदीर आणि निरोगी उंदीर यांचे रक्तप्रवाह जोडून पाहिले, तर निरोगी उंदराचंही फॉस्फेट घसरलं. १९९२ मध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल केली. निरोगी मूत्रपिंड आजारी उंदराला बसवलं तरी त्याचं फॉस्फेट गळतच राहिलं, आणि आजारी उंदराचं मूत्रपिंड निरोगी अंगात गेलं की नीट वागायला लागलं! दोष मूत्रपिंडात नव्हताच. एवढ्या स्वच्छ निकालाचे प्रयोग थोडेच असतात.

मग २००० मध्ये फॉस्फेट गमावण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून एफजीएफ२३ चं जनुक हाती लागलं, आणि २००१ मध्ये तेच हॉर्मोन अशा गाठींमध्येही सापडलं. या कुटुंबांमधला दोष मात्र विलक्षण होता. एफजीएफ२३ ही २५१ अमिनो आम्लांची साखळी. १७९ आणि १८० या क्रमांकांच्या मध्ये फ्युरिन जातीचं एन्झाइम ती तोडतं आणि तुटलेले तुकडे फॉस्फेट बाहेर काढायच्या कामाचे राहत नाहीत. या लोकांत १७६ किंवा १७९ क्रमांकाचं आर्जिनिन बदललेलं होतं. एन्झाइमला तोडायची जागा ओळखू येत नव्हती आणि हॉर्मोन अख्खंच राहत होतं.

माझ्या मते या विषयाची किल्ली इथे आहे. ऑस्टिओसाइट एफजीएफ२३ किती बनवते हे महत्त्वाचं आहेच, पण त्यातलं किती अख्खं बाहेर जाऊ देते आणि किती तोडून, यावर फॉस्फेटचं नशीब ठरतं. तोडायच्या जागेला लागूनच दोन एन्झाइमांची चढाओढ चालते. गॅलएनटी३ हे १७८ क्रमांकावर शर्करेचा गट चिकटवतं, मग साखळी तुटत नाही. फॅम२०सी हे १८० क्रमांकावर फॉस्फेटचा गट बसवतं, त्यामुळे शर्करेला जागा मिळत नाही आणि साखळी तुटते. गॅलएनटी३ चं जनुक बिघडलेल्या लोकांत जवळपास सगळं एफजीएफ२३ तुटूनच बाहेर पडतं. त्यांच्या रक्तात फॉस्फेट साचतं आणि सांध्यांभोवती कॅल्शियम फॉस्फेटचे गोळे तयार होतात. हे २००४ मध्ये समजलं.

फॉस्फेट वाढल्याची वर्दी या यंत्रणेपर्यंत कोण पोचवतं, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. तोवर प्रश्न येऊ द्या.

नीलमोहर

फार सुंदर लिहिलंय. एक साधा प्रश्न. फॉस्फेट गाळायचं आणि परत घ्यायचं काम मूत्रपिंडाचं, तर किती ठेवायचं हेही त्यानेच ठरवावं. हाडाने मध्ये पडायचं कारण काय?

मध्यलय

कारण सगळ्यात मोठा साठा हाडात आहे आणि सगळ्यात मोठी मागणीही त्याचीच. वाढत्या वयात रोज नवं खनिज जमत असतं, तेव्हा येणारं फॉस्फेट ठेवून घ्यायला हवं. बांधकाम अडलं असेल तर तेच फॉस्फेट रक्तात साचून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियमसोबत जमा व्हायचा धोका. किती खपणार आहे याचा अंदाज बांधकामावर असलेल्या पेशीलाच येणार.

याला आधार आहे. ऑस्टिओसाइट डीएमपी१ आणि फेक्स ही दोन प्रथिनं बनवतात आणि दोन्ही खनिज नीट जमण्याशी संबंधित आहेत. दोन्हींपैकी कुठलंही एक बिघडलं की त्याच पेशी एफजीएफ२३ भरमसाट सोडू लागतात. खनिज जमण्याचं काम आणि हॉर्मोन सोडण्याचं काम एकाच पेशीत बांधलेलं आहे, ते उगाच नसावं असं मला ठामपणे वाटतं. फेक्सपासून एफजीएफ२३ पर्यंतच्या साखळीतल्या मधल्या कड्या मात्र अजून कुणाला पूर्ण जुळवता आलेल्या नाहीत.

तळटीप

वाचतोय. पण हाडाच्या पेशीला थेट फॉस्फेटच कळतं, याचा पुरावा अजून आलेला नाही. सक्रिय ड जीवनसत्त्वानेही एफजीएफ२३ वाढतं, पीटीएचनेही वाढतं. फॉस्फेट वाढल्यावर आधी पीटीएच वाढत असेल आणि हाड त्यालाच प्रतिसाद देत असेल, तर हाड फक्त निरोप्याचं ऐकतंय. हे कसं वेगळं काढलं?

मध्यलय

रास्त शंका. पीटीएचचं तर तुमच्या बाजूनेच आहे. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की फॉस्फेट थेट त्या कॅल्शियम रिसेप्टरवरच बसतं आणि त्याचं काम मंदावतं, म्हणून फॉस्फेट वाढलं की पीटीएच काही मिनिटांत वाढतं. म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीला फॉस्फेट थेट कळतं, तेही कॅल्शियमच्याच रिसेप्टरमधून.

हाडाच्या बाजूने दोन पुरावे मला वजनदार वाटतात.

पहिला पिट१ आणि पिट२ या वाहकांचा. हे सोडियमसोबत फॉस्फेट पेशीत आणतात आणि जवळपास सगळ्या पेशींत असतात. २०१८ मध्ये पिट२ नसलेल्या उंदरांना कमी आणि जास्त फॉस्फेटचा आहार देऊन पाहिलं, तर त्यांचं अख्खं एफजीएफ२३ आहाराप्रमाणे हलेना. निरोगी उंदरांत ते हलतं. त्याच सुमारास पेशींवर केलेल्या प्रयोगात दिसलं की पिट१ आणि पिट२ फॉस्फेटच्या प्रमाणानुसार जोडी जमवतात आणि पेशीच्या आत ईआरके नावाचा संकेत सुरू करतात. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, फॉस्फेट वाहून नेता येणार नाही असे बदल केलेले वाहकही हा संकेत देऊ शकले. म्हणजे वाहून नेणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी, प्रथिन तेच. यीस्टमध्ये फो८४ हा वाहक अशी दोन्ही कामं करतो हे आधीपासून माहीत होतं. तिथे जे आहे त्याचंच एक रूप आपल्या हाडात असावं ही कल्पना मला फार पटते.

दुसरा पुरावा २०१९ चा, जपानमधल्या गटाचा. त्यांना दिसलं की जास्त फॉस्फेटच्या आहारावर उंदरांच्या हाडात एफजीएफ२३ च्या जनुकाचं काम वाढलंच नाही. वाढलं ते गॅलएनटी३ चं. वर लिहिलेली शर्करेची गोष्ट आठवा. त्यांनी संकेताचा मार्गही दाखवला. पेशीबाहेरचं फॉस्फेट वाढलं की एफजीएफआर१ हा रिसेप्टर नेहमीचं कुठलंही हॉर्मोन न चिकटता जागा होतो, आत ईआरके सुरू होतो आणि शेवटी गॅलएनटी३ वाढतं. हाडाच्या पेशींतून एफजीएफआर१ काढून टाकला तर जास्त फॉस्फेटच्या आहारावर एफजीएफ२३ ची वाढ खाली येते आणि रक्तात फॉस्फेट चढतं. पीटीएच आणि ड जीवनसत्त्व त्या उंदरांतही होतंच, त्यामुळे फक्त निरोप्याचं ऐकण्यावर सगळं भागत नाही.

फॉस्फेट आणि एफजीएफआर१ यांची गाठ नेमकी कुठे पडते हे अजून कळलेलं नाही. पिटची जोडी आणि हा रिसेप्टर एकाच रांगेत आहेत की दोन स्वतंत्र वाटा आहेत, यावरही एकमत नाही.

पाऊलवाट

मी पीएचडी करते, रोज याच पेशी वाढवते, म्हणून एक सावधगिरीची गोष्ट सांगते. पेशींच्या द्रावणात फॉस्फेट घालणं सोपं नसतं. त्या द्रावणात कॅल्शियम असतंच. फॉस्फेट थोडं जास्त झालं की दोघं मिळून कण धरतात. आदल्या दिवशी स्वच्छ असलेली थाळी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी तर पेशींवर वाळूसारखी बारीक काळसर पूड पसरलेली दिसते. आता पेशीने प्रतिसाद दिला तो विरघळलेल्या फॉस्फेटला की या पुडीला?

हा नुसता प्रयोगशाळेतला त्रास नाही. रक्तातही फेट्युइन-ए हे प्रथिन कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म कणांना धरून ठेवतं, त्यांना कॅल्सिप्रोटीन कण म्हणतात. २०२० मध्ये एका गटाने दाखवलं की असे कण ऑस्टिओब्लास्टमध्ये एफजीएफ२३ चं जनुक जागं करतात. म्हणजे हाड कदाचित सुटं फॉस्फेट मोजत नसेल, फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून किती झालं ते मोजत असेल. शरीराला धोका तर त्या जोडीचाच असतो, म्हणून मला हे फार पटतं.

जुने निबंध वाचताना अजून एक गोष्ट बघा. फॉस्फेटचा पेशीतला प्रवेश अडवायला फॉस्कारनेट हे औषध वापरायची पद्धत होती. पुढे कळलं की ते पिट वाहकांना नीट अडवतच नाही, उलट कण जमणं रोखतं. त्याच्या भरवशावर काढलेले निष्कर्ष पुन्हा तपासून घ्यावे लागतात.

तळटीप

हे मोलाचं. धन्यवाद पाऊलवाट. म्हणजे थाळीतल्या प्रयोगापेक्षा जनुक काढलेल्या उंदरांवर जास्त भरवसा ठेवायचा.

पाऊलवाट

हो, आणि थाळीतला असेल तर सोबत कण गाळून काढून केलेला प्रयोग आहे का ते आधी बघायचं.

कातळशिल्प

मी मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर. आमच्याकडे हा विषय रोजचा आहे, म्हणून रुग्णांच्या बाजूने थोडी भर.

पहिली गोष्ट वेळेची. पीटीएच मिनिटांत हलतं, रक्तातलं त्याचं अर्धं आयुष्यही (निम्मं संपायला लागणारा वेळ) काही मिनिटांचंच. अख्ख्या एफजीएफ२३ चं अर्धं आयुष्य पाऊण ते एक तास. निरोगी माणसाला शिरेतून फॉस्फेट दिलं तर पुढच्या काही तासांत एफजीएफ२३ फारसं हलत नाही. आहारातलं फॉस्फेट काही दिवस वाढवलं तर मात्र ते चढतं. पीटीएच हातातली रोकड बघतं, एफजीएफ२३ महिन्याची खातेवही. त्यामुळे ऑस्टिओसाइटला क्षणाची पातळी कळत असेल असं मला वाटत नाही. काही काळात साचत गेलेला भार कळत असावा.

दुसरी, मूत्रपिंड थकायला लागलं की रक्तातलं फॉस्फेट वाढायच्या कितीतरी आधी एफजीएफ२३ वाढतं. रिपोर्टमध्ये फॉस्फेट अगदी बरोबर, आणि ते तसं ठेवण्यासाठी हाड कित्येक पट राबत असतं. डायलिसिसवरच्या काही रुग्णांत ते सामान्याच्या हजारपटीपर्यंत गेलेलं दिसतं. इतकं एफजीएफ२३ हृदयाच्या स्नायूची जाडी वाढवतं असं २०११ मध्ये दाखवलं गेलं, तेही क्लोथोशिवाय.

तिसरी लोहाची, आणि ही प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अंगात लोह कमी पडलं की हाडात एफजीएफ२३ जास्त बनतं, पण सोबत तोडणंही वाढतं, म्हणून फॉस्फेट ढळत नाही. आता शिरेतून लोह दिलं, आणि ते फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज असलं, तर तोडणं मंदावतं, अख्खं हॉर्मोन रक्तात उसळतं आणि फॉस्फेट घसरतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत हे औषध दिलेल्या चौघांपैकी जवळपास तिघांचं फॉस्फेट खाली गेलं. दुसऱ्या प्रकारचं लोह दिलेल्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं. लोह घेतल्यानंतर अशक्तपणा वाढला, हाडं दुखू लागली, तर पुन्हा फक्त हिमोग्लोबिन बघून थांबू नये, फॉस्फेटही बघावं.

मध्यलय

कातळशिल्प, लोहाचं लिहिलंत ते फार बरं झालं. मी सांगितलेल्या त्या कुटुंबांमध्येही हेच घडतं. साखळी न तुटणारा बदल जन्मापासून असतो, तरी काहींना मोठेपणी, लोह कमी पडल्यावरच त्रास सुरू होतो. लोह कमी म्हणून एफजीएफ२३ जास्त बनलं, आणि तोडता येत नाही म्हणून सगळं अख्खं राहिलं.

गारवा

मी विज्ञानातली नाही, पण हा धागा माझ्या घरचाच आहे. माझ्या मुलीला एक्सएलएच आहे, म्हणजे वर ज्याचा उल्लेख आला त्या फेक्सच्या बिघाडाचा आजार. चालायला लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकत गेले. मुडदूस म्हणून ड जीवनसत्त्व सुरू झालं, डोस वाढत गेले, फरक काही पडेना. फॉस्फेटची तपासणी आधीच झाली होती. आकडा होता २.९ आणि कागदावर शेजारी छापलं होतं २.५ ते ४.५. सगळ्यांनी "नॉर्मल" म्हणून तो कागद फाइलीत लावला. पुढे मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही मर्यादा मोठ्यांची आहे. तेव्हा पहिल्यांदा आजाराचं नाव ऐकलं.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि मुडदूस औषधाने हलत नाहीये, त्यांनी कृपा करून आकड्याशेजारची मर्यादा कुठल्या वयाची आहे ते विचारा.

माझा प्रश्न: फॉस्फेट कमी असताना पाय नेमके वाकतात कशाने? हाडात खनिज कमी जमतं एवढंच कळलंय.

कातळशिल्प

गारवा ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद आहे. प्रौढांत २.५ ते ४.५ मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर ठीक, पण लहान मुलांत साधारण ४ ते ७, आणि वयाप्रमाणे हळूहळू खाली येणारं. तीन वर्षांच्या मुलात २.९ म्हणजे उघड कमी.

इतर वाचकांसाठी: नुसतं रक्तातलं फॉस्फेट पुरत नाही. उपाशीपोटी रक्त आणि लघवी एकाच वेळी घेऊन, मूत्रपिंड फॉस्फेट परत किती घेतंय याचं गणित मांडता येतं. रक्तात कमी असूनही लघवीतून जातच असेल तर एफजीएफ२३ चा संशय घ्यायचा. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम रक्तात वाढलेलं असतं, त्याचीही मर्यादा वयाप्रमाणेच बघायची. पुढचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून.

मध्यलय

गारवा ताई, खनिज कमी जमतं हे खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं पेशींच्या प्रतिसादाचं आहे आणि या धाग्यात ते यायलाच हवं.

हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. तिथल्या पेशी रांगेने उभ्या असतात. वरच्या विभागतात, खालच्या फुगत जातात, आणि शेवटच्या फुगलेल्या पेशींनी वेळेवर मरून जागा मोकळी करायची असते. मग तिथे रक्तवाहिन्या शिरतात, ऑस्टिओब्लास्ट येतात आणि हाड बांधलं जातं. या फुगलेल्या पेशींना मरायचा इशारा फॉस्फेट देतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातून कॅस्पेज-९ हे पेशी संपवणारं एन्झाइम जागं होतं आणि पेशी ठरलेल्या पद्धतीने संपते. २००५ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की फॉस्फेट कमी असलं की हा इशाराच मिळत नाही, पेशी मरत नाहीत आणि रांगा लांबत जातात. एक्सरेमध्ये मनगटाशी किंवा गुडघ्याशी पट्टी रुंद आणि कडा फाटल्यासारखी दिसते, ती याचीच खूण. अशा मऊ, लांबलेल्या पट्टीवर चालायला लागलेल्या मुलाचं वजन पडलं की पाय वाकतात. कॅल्शियम कमी पडून झालेल्या मुडदुसातही शेवटी असंच होतं, कारण पीटीएच वाढून फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं.

बाकीच्या पेशींचं थोडक्यात. ऑस्टिओब्लास्टमध्ये फॉस्फेट वाढलं की ऑस्टिओपॉन्टिन या प्रथिनाचं जनुक जोरात चालतं, आणि ते प्रथिन खनिजाच्या वाढीला लगाम घालतं. म्हणजे जिथे खनिज जमतंय तिथेच त्याला आवरणारंही तयार होतं. ऑस्टिओक्लास्ट तयार होणं जास्त फॉस्फेटने मंदावतं.

गारवा

हे इतकी वर्षं कुणी असं सांगितलं नव्हतं. तिच्या एक्सरेमधली ती फाटकी कड मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आता तिला एफजीएफ२३ विरुद्धच्या प्रतिपिंडाचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी मिळतं. आधी दिवसातून अनेक वेळा फॉस्फेट घोळून पाजायचो, पोट दुखायचं, रात्री उठवून पाजायचं. फॉस्फेट चढायचं आणि लगेच उतरायचं. ते का उतरायचं हे आज नीट कळलं.

कातळशिल्प

बुरोसुमॅब. २०१८ मध्ये मान्यता मिळाली. फॉस्फेट वरून ओतत राहण्यापेक्षा गळती थांबवणं केव्हाही बरं. तोंडाने फॉस्फेट देत राहिलं की पीटीएचही चढतं, तो वेगळाच ताप. फक्त इंजेक्शन सुरू असताना तोंडाने फॉस्फेट आणि सक्रिय ड जीवनसत्त्व सोबत द्यायचं नसतं, आणि दातांकडे लक्ष ठेवा. या आजारात वरून चांगल्या दिसणाऱ्या दाताच्या मुळाशीही पू होतो.

नीलमोहर

गारवा ताई, लेकीला खूप शुभेच्छा. मध्यलय, फेक्स बिघडलेलं असताना इंजेक्शनने फॉस्फेट भरून काढलं की हाड पूर्ण बरं होतं का?

पाऊलवाट

मी सांगते, माझ्या कामाजवळचं आहे. बरंच सुधारतं, पण फेक्सचं एक काम फॉस्फेटपासून वेगळंही आहे. ते ऑस्टिओपॉन्टिन तोडतं. फेक्स नसलं की ऑस्टिओपॉन्टिनचे न तुटलेले भाग ऑस्टिओसाइटच्या भोवती साचतात आणि तेवढ्या जागेत खनिज नीट जमत नाही. एक्सएलएचच्या हाडाच्या कापात प्रत्येक ऑस्टिओसाइटभोवती खनिज कमी असलेलं एक वलय दिसतं. म्हणून पातळी सुधारली तरी पेशीच्या अगदी लगतचा भाग मागे राहू शकतो.

तळटीप

एक शेवटची शंका. पिट२ चं जनुक बिघडलेली माणसं आहेत का? असतील तर त्यांचं फॉस्फेट ढासळलेलं असायला हवं.

मध्यलय

आहेत, आणि तुमची शंका वर्मावर बसते. पिट२ च्या जनुकातल्या बिघाडाने मेंदूत कॅल्शियम साचण्याचा आनुवंशिक आजार होतो, हे २०१२ मध्ये कळलं. या लोकांच्या रक्तातलं फॉस्फेट मात्र सहसा सामान्य असतं. बहुतेकांत जनुकाची एक प्रत चांगली असते, हे एक कारण असेल. एकाच संवेदकावर सगळं टांगलेलं नसावं, हेही असेल. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं.

कातळशिल्प, तुमच्याच अवयवाने या गोष्टीत मोठी उलथापालथ केली आहे, म्हणून तेही लिहिते. २०२० मध्ये दिसलं की इजा झालेल्या मूत्रपिंडातून ग्लिसरॉल-३-फॉस्फेट हा छोटा रेणू रक्तात येतो आणि हाडाला एफजीएफ२३ वाढवायला लावतो. २०२३ मध्ये त्याच दिशेने पुढचं काम आलं. मूत्रपिंडाच्या पेशीत फॉस्फेट जास्त शिरलं की तिथली ग्लुकोज मोडण्याची क्रिया वेग घेते, कारण एरवी तिथे फॉस्फेटच कमी पडत असतं. त्यातून ग्लिसरॉल-३-फॉस्फेट जास्त तयार होतं, ते हाडापर्यंत जातं आणि हाड एफजीएफ२३ सोडतं. ते बनवणारं जीपीडी१ हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत फॉस्फेट दिलं तरी एफजीएफ२३ वाढत नाही. त्यांना ग्लिसरॉल-३-फॉस्फेट बाहेरून दिलं की वाढतं.

तळटीप

म्हणजे माझा निरोप्या खराच निघाला, फक्त तो पीटीएच नव्हता.

मध्यलय

एका वाटेपुरता, हो. पण पिट२ आणि एफजीएफआर१ चे उंदीरही खरे आहेत, त्यांना बाजूला सारता येत नाही. मला वाटतं मूत्रपिंडाचा निरोप एफजीएफ२३ किती बनवायचं ते वाढवतो, आणि हाडाची स्वतःची जाणीव त्यातलं किती अख्खं सोडायचं ते ठरवते. दोन्ही गटांनी मोजलेल्या गोष्टी बघितल्या तर हे जुळतं: एकाला हाडात जनुकाचं काम वाढलेलं दिसलं, दुसऱ्याला गॅलएनटी३. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही. तपासायचं तर जीपीडी१ नसलेल्या उंदरांना काही आठवडे जास्त फॉस्फेट देऊन त्यांच्या हाडातलं गॅलएनटी३ मोजायला हवं, आणि अख्खं आणि तुटलेलं एफजीएफ२३ वेगवेगळं.

यातली एक गोष्ट तर फार सुरेख आहे. मूत्रपिंडाच्या पेशीत हे फॉस्फेट आणतो तो एनपीटी२ए वाहक, आणि एफजीएफ२३ आल्यावर पेशीच्या पृष्ठभागावरून हटवला जातो तोही एनपीटी२ए. हाडाने उत्तर दिलं की मूत्रपिंडाचं विचारणं आपोआप मंदावतं.

पाऊलवाट

जीपीडी१ च्या उंदरांचा हा प्रयोग आमच्या गटाच्या बैठकीत मांडते. गॅलएनटी३ मोजायची तयारी आमच्याकडे आहेच.